निरंक

सरकारी कागदावर रोज भेटणारे आणि घरात कुणीही न उच्चारणारे असे काही शब्द असतात. ‘निरंक’ हा त्यांतला एक. निरंक म्हणजे काही नाही. महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांतही तो चालतो. आमच्या मध्यप्रदेशात तर त्याच्यावाचून एक कागद पुढे सरकत नाही. पडलेली घरे : निरंक. वाहून गेलेली जनावरे : निरंक. मागील आठवड्यातील प्रलंबित पत्रे : निरंक (हे शेवटचे क्वचितच खरे असते). नोकरीला नवा लागलेला प्रत्येक पोरगा या शब्दाला हसतो. रकान्यात लिहिण्यासारखे काही नसेल तर तो रिकामा सोडावा, तिथे ‘काही नाही’ असे शाईने लिहिण्यात काय मतलब, असे त्याला वाटते. मलाही वाटे. मतलब कळला तो पर्जन्यमापकामुळे.

टोंकखुर्द हे देवास जिल्ह्यातले तहसिलीचे गाव. देवासहून तासाभराच्या वाटेवरचे. तिथे सहायक म्हणून होतो, तेव्हा पावसाची नोंद करण्याचे काम माझ्याकडे आले. सकाळी साडेआठला मोजणी करायची म्हणजे देवासच्या बसवर भरवसा ठेवून चालत नाही. म्हणून पावसाळ्याचे चार महिने मी तिथेच एक खोली घेऊन राहात असे. मोकळ्या जागेत, भिंतीपासून आणि झाडापासून त्यांच्या उंचीच्या दुपटीने तरी दूर, एक नळकांडे रोवलेले असते. त्याच्या तोंडाशी नरसाळे, आत बाटली. बाटलीतले पाणी मापाच्या काचेच्या नळीत ओतायचे, नळी डोळ्यांच्या पातळीवर धरायची, पाण्याच्या कडा काचेवर जरा चढलेल्या असतात त्या सोडून मधल्या खोलगट भागाचा आकडा वाचायचा. वहीत चार रकाने : आजचा पाऊस, १ जूनपासूनचा एकूण पाऊस, गेल्या वर्षी याच तारखेपर्यंतचा, आणि शेरा. मग जिल्ह्याला कळवायचे. जिल्हा भोपाळला कळवतो.

साडेआठच का, असे पुष्कळजण विचारत. ग्रीनविचच्या घड्याळात तेव्हा पहाटेचे तीन वाजलेले असतात आणि जगभरची वेधशाळेची माणसे एका ठरलेल्या क्षणी आपापले आकडे वाचतात, हे सांगितले की ऐकणारा आधी पर्जन्यमापकाकडे आणि मग माझ्याकडे पाही. एक गंमत मात्र समजावून सांगताना नेहमी नाकी नऊ येत. सकाळी साडेआठला संपणारे चोवीस तास त्या तारखेच्या नावावर पडतात. रविवारी दुपारी कोसळलेला पाऊस वहीत सोमवारचा. शेतकरी वाद घालीत, ‘बाबूजी, सोमवारी तर ऊन होतं!’

आणि पाऊस झाला नसेल त्या दिवशीही जायचे. नळकांडे उघडायचे, बाटली उलटी धरून पाहायची, काही निघाले नाही की वहीत निरंक लिहायचे. इथे तो शब्द मला पहिल्यांदा कळला. रिकामा रकाना म्हणजे कुणी पाहिले नाही. निरंक म्हणजे एक माणूस तिथवर गेला, त्याने पाहिले, आणि मग सांगितले की काही नाही. पन्नास वर्षांनी ती वही उघडणाऱ्याला पहिल्या नोंदीचा काही उपयोग नाही. दुसरीवर तो हिशेब मांडू शकतो.

दुसऱ्या एका कचेरीत (गाव सांगत नाही, जिल्हाही सांगत नाही) मी अशीच एक वही पाहिली होती. सात दिवसांचे सात आकडे एकाच शाईत, एकाच तिरक्या हाताने, एका दमात लिहिलेले. शनिवारी बसून आठवडा भरून टाकलेला. आकडे फार चुकीचे नसतीलही. माणसाला पाऊस साधारण आठवतो. पण त्या पानावर शून्येसुद्धा सुबक होती, आणि ती पाहून मला जे वाटले ते मी अजून नीट शब्दांत सांगू शकत नाही.

‘खुर्द’ या शब्दाविषयी मराठी वाचकाला सांगायला नको. आपल्याकडे गावोगावी बुद्रुक आणि खुर्द अशा जोड्या आहेत. बुद्रुक म्हणजे मूळचे फारसी ‘बुजुर्ग’, थोरले. खुर्द म्हणजे धाकटे. मालव्यात बुद्रुकच्या जागी ‘कलाँ’ येते, म्हणून टोंककलाँ आणि टोंकखुर्द. गंमत अशी, की तहसिलीचे ठाणे धाकट्याकडे आले. थोरले-धाकटे हा आमच्या जिल्ह्याचा जुनाच खेळ. मराठी माणसाला देवास म्हटले की कुमार गंधर्व आठवतात, ते योग्यच. पण त्याआधी दोन शतके इथे तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंच्या दोन गाद्या नांदल्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. त्यांचेच भाऊबंद धारला. एकाच गावात दोन राजे, दोन राजवाडे, दोन कचेऱ्या. आमच्यासारखी ब्राह्मण, मराठा, कायस्थ घरे या चाकरीसाठी इथे आली आणि इथलीच झाली. घरात मराठी, दाराबाहेर मालवी, कागदावर हिंदी. आमच्या घरातला श्रावणसुद्धा शेजाऱ्यांपेक्षा पंधरा दिवस उशिरा लागतो, कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आमचा अमावास्येला. मधल्या पंधरवड्यात शेजारी उपास करतात आणि आमच्याकडे अजून आखाड चालू असतो.

या देवासला ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ साली थोरल्या पातीच्या तिसऱ्या तुकोजीरावांचा खाजगी चिटणीस म्हणून सहा महिने राहून गेला. त्याची तिथली पत्रे ‘द हिल ऑफ देवी’ या नावाने १९५३ साली पुस्तकरूपाने आली. राजावर त्याचे फार प्रेम होते आणि गोकुळाष्टमीच्या उत्सवाने तो भारून गेला होता. राज्यकारभाराचा गोंधळही त्याने तितक्याच प्रेमाने लिहून ठेवला आहे. पुढे थोरल्या पातीची तिजोरी आटली, १९३३ साली महाराज पाँडिचेरीला निघून गेले आणि १९३७ साली तिथेच वारले. याच तुकोजीरावांना तरुणपणी शिकवायला १९०७ साली माल्कम डार्लिंग नावाचा तरुण आय.सी.एस. अधिकारी आला होता. तो नंतर पंजाबात गेला, गावोगाव शेतकऱ्यांच्या ओट्यावर बसला आणि १९२५ साली त्याने पंजाबी शेतकऱ्याची भरभराट आणि त्याचे कर्ज यांवर एक जाडजूड पुस्तक लिहिले. भरभराट आणि कर्ज ही दोन्ही एकाच दाराने घरात येतात, हे त्याने आकड्यांनिशी मांडले. फॉर्स्टरला जगाने वाचले, डार्लिंगला अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी. माझे मन डार्लिंगकडे ओढते, कारण तो वही घेऊन हिंडला.

डार्लिंगचे ते जुने सूत्र आमच्या मालव्यात काही दशकांनी पुन्हा दिसले. काळी, चिकण, खोल माती; पावलोपावली पाणी अशी या मुलखाची पूर्वापार ख्याती. मग सोयाबीन आले, हातात रोकड आली, रोकडीतून बोअर आले. शंभर फुटांवरचे पाणी पाचशे फुटांवर गेले. एका शेतात पाच-पाच, सहा-सहा बोअर, त्यातले चार कोरडे आणि सगळ्यांचे कर्ज मात्र ओले. देवास शहराला १९९०च्या सुमारास आगगाडीने पाणी आणावे लागले. लातूरला २०१६ साली मिरजेहून पाण्याची गाडी गेली तेव्हा महाराष्ट्र हादरला. देवासच्या लोकांना ते चित्र ओळखीचे होते.

२००६ साली जिल्ह्याचे कलेक्टर उमाकांत उमराव यांनी यावर उपाय मांडला तो मोठा साधा होता. तुमच्या शेताचा दहावा हिस्सा तळ्याला द्या. त्यांनी सुरुवात केली ती मोठ्या जमीनदारांपासून. पाणी सगळ्यांत जास्त उपसले तेही त्यांनीच, आणि खर्च करण्याची ऐपतही त्यांचीच. आरंभी सरकारी अनुदानाचे आमिष नव्हते. तळे खोदणाऱ्याला ‘भगीरथ कृषक’ म्हटले आणि तळ्याला ‘रेवासागर’, एवढाच मान. टोंकखुर्दच्या आसपासची गावे या कामात पुढे होती. धतुरिया नावाच्या गावात तर तळ्यांची संख्या शंभरावर गेली. जिल्ह्यात हजारो तळी झाली आणि २००७ साली राज्य सरकारने बलराम तालाब नावाची योजना काढून अनुदान सुरू केले.

हिशेब कुणालाही पाटीवर करता येईल असा आहे. आमच्याकडे वर्षाला साधारण एक मीटर पाऊस पडतो. एका हेक्टरवर एक मीटर पाऊस म्हणजे १ कोटी लिटर पाणी. दहा हेक्टरचा शेतकरी असेल तर त्याच्या शेतावर वर्षाला १० कोटी लिटर कोसळते आणि वाहून जाते. त्याने एक हेक्टरचे, तीन मीटर खोल तळे केले तर त्यात ३ कोटी लिटर राहील. ते उरलेल्या नऊ हेक्टरांवर पसरले तर एक फुटाहून थोडे अधिक. उन्हाने उडते, जमिनीत मुरते ते सोडले तरी हरभरा निघतो आणि गव्हालाही वेळेवर पाणी मिळते. आपल्या काळ्या मातीत तळाला प्लॅस्टिकही लागत नाही. महाराष्ट्रात मी शेततळी पाहिली आहेत, खाली कागद अंथरलेली. त्यातली कित्येक पावसाने न भरता विहिरीतून आणि बोअरमधून उपसून भरतात. ते तळे नव्हे, ती उघडी टाकी. रेवासागराची तशी टाकी होऊ नये एवढीच माझी प्रार्थना.

या कथेत कलेक्टरांचे नाव येते आणि यावेच. ते गावोगाव बसले, बोलले, त्यांनी शेतकऱ्याला शेतकऱ्याच्याच हिशेबाने पटवले. पण त्या पाटीवरचा पहिला आकडा, तो एक मीटर, कुठून आला? जिल्ह्याची सरासरी म्हणजे तहसिलींच्या आकड्यांची सरासरी, आणि तहसिलीचा आकडा म्हणजे शेकडो सकाळी साडेआठला बाटली उलटी करून पाहणारी माणसे. त्यांची नावे वहीतसुद्धा नाहीत. आद्याक्षरे असतात, तीही वाचता येतील अशी नाहीत. मला त्याचे वाईट वाटत नाही. गोष्टीला एक नायक लागतो. मात्र दोन-तीन बिघेवाला या गोष्टीत कुठे बसतो, हे कुणी सांगितले नाही. दहावा हिस्सा पाण्याखाली गेल्यावर त्याने काय पेरायचे? तो शेजाऱ्याच्या तळ्याने आपली विहीर भरेल या आशेवर राहतो, आणि काही ठिकाणी भरतेही.

आता तो आठवडा. विशेष काहीच न घडलेला, म्हणून सांगण्यासारखा. २०१३ च्या जुलैअखेरचा. सोमवारी गुरुपौर्णिमा झाली, शेजाऱ्यांचा श्रावण लागला, आमचा अजून व्हायचा होता. सोयाबीन गुडघ्याएवढे, कोळपणी चाललेली. सोमवारी जिल्ह्याला समयसीमेची बैठक असते, त्यामुळे साहेब देवासला आणि आम्ही कागद शोधण्यात. मंगळवारी जनसुनवाई.

मध्यप्रदेशात दर मंगळवारी सकाळी प्रत्येक कचेरीत अधिकाऱ्याने लोकांसाठी बसायचे, असा शिरस्ता २००९ पासून आहे. लोक अर्ज घेऊन रांगेत उभे राहतात. कुणाची पेन्शन अडली आहे, कुणाच्या शेतात जायची वाट शेजाऱ्याने नांगरली आहे, कुणाला बापाच्या नावावरची जमीन चार भावांत करून हवी आहे. या रांगेत माणसाची लाज पहिल्यांदा दिसते. जो गावात ताठ चालतो तो इथे अर्जाची घडी पुन्हा पुन्हा करीत उभा असतो. माझे काम अर्जावर क्रमांक घालून पावती देण्याचे. लोकसेवा म्हणजे काय, असे कुणी मला विचारले असते तर मी तेव्हा पावतीपुस्तक दाखवले असते. क्रमांक मिळाला की घडी थांबते.

त्या मंगळवारी रांगेत एक म्हातारा उभा होता. त्याच्या मुलाला रविवारी पहाटे शेताच्या मेढीवर गवत कापताना साप चावला होता. मुलगा चाळिशीचा, मजुरीवर जाणारा. इस्पितळाच्या वाटेवरच गेला. म्हातारा हे सगळे एखाद्या दुसऱ्याच घरची हकीकत सांगावी तसे सांगत होता. कागद त्याने पुढे केले, आणि ते पाहून मी थबकलो. पोलिसांची मर्ग कायमी, शवविच्छेदनासाठी पाठवल्याचे पत्र, तारीख, सही, शिक्का. दोन दिवसांत, एवढ्या घरात, एवढे नीटनेटके कागद मी तोवर पाहिले नव्हते.

याचे मोल कळायला एक नियम सांगावा लागेल. मध्यप्रदेशात महसुली परिपत्रकांचे एक पुस्तक आहे. त्याचा खंड सहा, क्रमांक चार सगळ्या राज्याला ‘सहा-चार’ या नावाने तोंडपाठ आहे. पूर, गारपीट, आग, वीज, आणि साप चावून झालेला मृत्यूसुद्धा त्यात येतो. आज अशा घराला ४ लाख रुपये मिळतात. पण त्यासाठी शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. आणि घरातला माणूस साप चावून गेल्यावर गावात काय होते ते वाचकांना ठाऊक आहे. आधी मांत्रिक, मग देवस्थान, मग धावाधाव, मग रडारड, आणि अंधार पडायच्या आत दहन. दहन झाले की पुरावा गेला. मग वर्षभर हेलपाटे, आणि शेवटी फायलीवर एक ओळ.

इथे तसे झाले नव्हते ते कोटवारामुळे. कोटवार म्हणजे आपल्याकडच्या येसकराचा किंवा तलाठ्याच्या हाताखालच्या कोतवालाचा इकडचा भाऊ. गावाची राखण, दवंडी, नोटिसा पोचवणे, जन्ममृत्यूची खबर, अपघाती मेला तर पोलिसांना वर्दी. मोबदल्यात थोडी सेवाभूमी आणि तुटपुंजे मानधन. मालव्यात हे काम पिढ्यान्‌पिढ्या बहुधा बलाई समाजाकडे आले आहे. म्हणजे गावाच्या उतरंडीत तो कुठल्या पायरीवर उभा असतो ते सांगायला नको. त्या पायरीवरच्या माणसाने वरच्या पायरीवरच्या घरासमोर उभे राहून सांगितले होते, की आज मयत उचलू नका. ‘आज उचललं तर उद्या पोरांच्या हातात काही राहणार नाही.’ भावकीतल्या लोकांनी त्याला शिव्या दिल्या. मेलेल्या माणसाची चिरफाड करायला निघालाय, म्हणाले. तो अंगणाच्या कडेला उभाच राहिला. मग म्हातारा म्हणाला, थांबा. कोटवार रात्री पावसात सायकल ढकलत ठाण्यावर गेला, वर्दी दिली, शिपायाला घेऊन आला आणि सकाळी गाडीबरोबर इस्पितळापर्यंत गेला.

हे मला म्हाताऱ्याने सांगितले. कोटवाराने कधीच सांगितले नाही. त्याला सहा-चार हा आकडाही ठाऊक होता की नाही, शंका आहे. कागद लागतो, एवढे त्याला माहीत होते.

बुधवारी पटवाऱ्याने पंचनामा केला, मेढ पाहिली, गवताचा अर्धवट भारा अजून तिथेच होता तोही लिहून घेतला. गुरुवारी राजस्व निरीक्षकाचा अहवाल आला. शुक्रवारी प्रकरण दर्ज होऊन माझ्या टेबलावर. मी त्यावर काय केले? दोरी घातली, पानांना क्रमांक दिले, अनुक्रमणिका लिहिली, पुढची तारीख टाकली. अहवाल यायला वेळ लागतोच. पण यायचा होता, ही गोष्ट महत्त्वाची. दरम्यान रोज सकाळी साडेआठला मी बाटली उलटी करीत होतो. त्या आठवड्यातले आकडे मी इथे देत नाही, ते वहीत आहेत.

आमचे राज्य लोकसेवेचा कायदा करणारे देशातले पहिले. २०१० साली लोकसेवा हमी अधिनियम झाला आणि २५ सप्टेंबरला लागू झाला. ठरावीक सेवेला ठरावीक दिवस. उशीर झाला तर जबाबदार कर्मचाऱ्याच्या पगारातून रोज २५० रुपये, जास्तीत जास्त ५,००० पर्यंत दंड. २०१२ साली संयुक्त राष्ट्रांचा लोकसेवा पुरस्कारही त्याला मिळाला. महाराष्ट्रात असाच कायदा २०१५ साली आला. कायद्याने फरक पडला, मी स्वतः पाहिला. पावतीवर तारीख छापून येऊ लागली आणि ती तारीख आम्हाला रात्री आठवू लागली. जे काम ‘बघू’ म्हणून पडून राही ते दिवसांत मोजले जाऊ लागले. दंडाला नावे ठेवणारे माझे सहकारी होते. मी त्यांच्यात नव्हतो. पण कोटवाराने त्या रात्री जे केले ते कुठल्या सेवेच्या यादीत येते, हे मी पुष्कळ शोधले. न केले असते तर त्याला दंड नव्हता. वर्दी सकाळी दिली असती तरी चालली असती. कागदोपत्री तो निर्दोष राहिला असता आणि मयत जळून गेलेली असती.

भारतात २१ एप्रिलला नागरी सेवा दिन साजरा होतो, सरदार पटेलांनी १९४७ साली त्या दिवशी नव्या अधिकाऱ्यांपुढे भाषण केले म्हणून. संयुक्त राष्ट्रांचा लोकसेवा दिन २३ जूनला. दोन्ही दिवशी हार असतात, भाषणे असतात. त्या सभांना कोटवाराला बोलावतात ते सतरंज्या घालायला.

माझी भाची पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. हुशार आहे, मायाळूही. मी निवृत्त झालो त्या दिवाळीत ती देवासला आली होती. अनारसे खाता खाता म्हणाली, ‘मामा, रागावू नका हं, पण इतकी वर्षं तुम्ही नक्की काय केलंत? म्हणजे आमच्याकडे वर्षाअखेर विचारतात, की तुम्ही असा काय फरक पाडलात.’ तिच्या आईने तिला डोळ्यांनी दटावले. मला राग आला नाही. प्रश्न खराच होता, आणि तो मी स्वतःला पेन्शनचे कागद भरताना विचारलाही होता. तिला तळ्यांचे सांगता आले असते, पण तळी माझी नव्हती. चार लाखांचे सांगता आले असते, तेही माझे नव्हते. मी तिला पर्जन्यमापकाचे सांगितले. साडेआठ, बाटली, निरंक. ती ऐकत राहिली. मग तिने विचारले, ‘आणि एखाद्या दिवशी तुम्ही गेला नसतात तर कुणाला कळलं असतं?’

मी म्हणालो, ‘कुणालाच नाही.’

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, त्यांच्याकडे असे एकही काम नाही. सगळे कुणाला ना कुणाला दिसते. हे ती कौतुकाने म्हणाली की कीव करून, ते मला ठरवता आले नाही, आणि मी विचारलेही नाही.

खरी अडचण रविवारची असते. कचेरीला सुटी, पावसाला नाही. त्या आठवड्याच्या रविवारी मला देवासला जाणे भाग होते, घरी आईचे श्राद्ध होते. मोजणी चौकीदाराने केली. शिक्षण चौथीपर्यंतचे, पण नळी डोळ्यासमोर धरताना तो श्वास रोखून धरी, पाणी हलू नये म्हणून. आकडा खडूने दारामागे लिहून ठेवी आणि मी सोमवारी तो वहीत उतरवून शेऱ्यात त्याचे नाव लिही. साहेबांनी एकदा विचारले, नाव कशाला? मी म्हटले, पाहिलं त्यानं. साहेबांनी पुढे काही विचारले नाही.

त्या सोमवारी मी वही लिहीत असताना कोटवार आला. एका नोटिशीच्या बजावणीची पावती द्यायला आला होता. सापाच्या प्रकरणातली त्याची साक्ष फायलीत लागली होती, तिच्यावर एका ठिकाणी अंगठा राहिला होता तो मी घेतला. त्याने फाईल कसली ते विचारले नाही. पावती दिली, बिल्ला नीट केला, आणि दारापर्यंत जाऊन परत फिरला.

‘बाबूजी, बॅटरीचे सेल मिळतील का हो?’

कसले सेल, असे मी विचारले. तो म्हणाला, त्या रात्री ठाण्याच्या वाटेवर नाल्याशी बॅटरी विझली. पुढचा रस्ता अंदाजानेच गेलो. पाऊस होता आणि, जरा ओशाळून म्हणाला, सापाचे दिवस आहेत.

कोटवाराच्या बॅटरीसाठी आमच्याकडे कुठलेही शीर्ष नव्हते. नाझराने पुस्तक चाळले, डोके खाजवले, मग आकस्मिक खर्चात टाकू म्हणाला. मी व्हाउचर लिहिले : कार्यालयीन उपयोगार्थ सेल, नग २. साहेबांनी न वाचता सही केली. शिपायाने कोपऱ्यावरच्या दुकानातून सेल आणले. कोटवाराने तिथेच ओसरीवर बसून ते बॅटरीत घातले, भर दुपारी एकदा पेटवून भिंतीवर उजेड पाडून पाहिला, आणि बॅटरी धोतराच्या कनवटीला खोचून निघून गेला.